सुक्या कोळंबीच्या पलीकडे: पाळीव पाणकासवांच्या पिल्लांचा आहार

मुंबई-पुण्यातल्या माशांच्या दुकानांत कासवाचं पिल्लू विकत मिळतं. हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टी, तळहातावर सहज मावेल एवढं. त्याच्याबरोबर प्लॅस्टिकचं माडाचं झाड असलेली एक पेटी आणि सुक्या कोळंबीची छोटी डबी दिली जाते. दुकानदार सांगतो, “रोज चार-पाच दाणे टाका, बाकी काही लागत नाही.” पुढच्या वर्षभरात त्या पिल्लाचं जे काय बरंवाईट होतं त्यातलं बरंचसं या एका वाक्यात ठरलेलं असतं. पाणकासवाच्या पिल्लाला काय खायला घालावं यावर अमेरिका-युरोपात साठ-सत्तर वर्षं लिहिलं-बोललं गेलं आहे, भांडणंही झाली आहेत. आपल्याकडे मात्र अजून त्या डबीवरच काम भागवलं जातं.

हे पिल्लू आहे कुठलं, हे आधी पाहू. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळता येत नाहीत. त्यामुळे शहरी घरातल्या काचेच्या पेटीत असतो तो बहुतेक वेळा रेड-इअर्ड स्लायडर. त्याचं मूळ घर अमेरिकेतलं मिसिसिपी नदीचं खोरं आणि त्याला लागून असलेला मेक्सिकोचा उत्तर भाग. लुइझियानातल्या कासवांच्या शेतांवर यांची पैदास होते. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून पाच कोटींहून अधिक स्लायडर परदेशी गेले. आपल्याकडे त्यांना फेंगशुई आणि वास्तूचा टेकू मिळाला. उत्तरेला ठेवलं की पैसा येतो म्हणे. पैशाचं माहीत नाही, पण ते नाण्याएवढं पिल्लू मादी निघालं तर २५ ते ३० सेंटिमीटर लांब होतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. दिशा पाहून आणलेल्या प्राण्याच्या ताटात काय पडावं याचा विचार मात्र क्वचितच होतो.

निसर्गात हे पिल्लू काय खातं? १९६९ साली क्लार्क आणि गिबन्स या अभ्यासकांनी दाखवून दिलं की लहान स्लायडर मुख्यतः प्राणिज अन्नावर वाढतात आणि मोठे होताना वनस्पतींकडे वळतात. १९८३ मध्ये हार्ट यांनी दक्षिण लुइझियानात हेच पाहिलं आणि एक गोष्ट जोडली. कासवाचा आकार वाढतो तसा आहार बदलतो आणि राहण्याची जागाही बदलते. पिल्लं काठाजवळच्या उथळ, गवताळ पाण्यात असतात. तिथे किडे, अळ्या, गोगलगायी, बेडूकमासे भरपूर. अंग झपाट्याने वाढवायचं तर प्रथिनं हवीत, आणि ती समोरच वळवळत असतात. मोठं झालेलं कासव खोल पाण्यात पोहत शेवाळं आणि पाणवनस्पती चरतं.

इथूनच एक गैरसमज सुरू होतो. ‘पिल्लू मांसाहारी, मोठं शाकाहारी’ हे सूत्र पाठ करून लोक पिल्लाला दोन वर्षं मांस आणि मग एक दिवस अचानक पालेभाजी देतात. पालेभाजी तशीच तरंगत राहते आणि मालक म्हणतो, आमचं कासव भाजी खातच नाही. खाईल कसं? निसर्गातलं पिल्लू किडे पकडताना पाणवनस्पतीही तोंडात घेतच असतं. प्रमाण कमी असतं इतकंच. ज्याने पहिल्या महिन्यापासून हिरवं पाहिलं नाही त्याला ते अन्न वाटत नाही, म्हणून भाजीचा तुकडा पहिल्या आठवड्यापासून पाण्यात असावा. खाल्ला नाही तर काढून टाकायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचा.

प्रथिनं किती हवीत, यावरही काम झालं आहे. १९९३ मध्ये एव्हरी आणि सहकाऱ्यांनी स्लायडरच्या पिल्लांना १०, २५ आणि ४० टक्के प्रथिनांचं खाद्य वेगवेगळ्या तापमानांत देऊन पाहिलं. १० टक्क्यांवर वाढ रखडली. पाणी गार झालं की खाणंच उतरलं. म्हणजे पोळी, भात, बिस्किट आणि ब्रेडवर पिल्लू जगवता येत नाही, हे प्रयोगानेही सिद्ध आहे. तरी आपल्याकडे पोळीचा तुकडा टाकणारे आहेतच. दूध घालणारेही आहेत. सरपटणाऱ्या प्राण्याला दूध पचत नाही, आणि त्या पाण्याचा वास दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला कळतो.

दुसऱ्या टोकालाही धडा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत स्वस्त वस्तूंच्या दुकानांतून कासवाची पिल्लं विकली जात. काहींच्या पाठीवर रंगीत चित्रंही काढलेली असत. त्यांच्याबरोबर ‘मुंग्यांची अंडी’ आणि सुकवलेल्या माश्यांची पाकिटं मिळत, आणि घरी कच्चा खिमा घातला जाई. प्रथिनांची कमतरता नव्हती. तरी पिल्लं मरत. डोळे सुजत, उघडेनासे होत, दिसत नाही म्हणून खाणं सुटे. १९६७ मध्ये एल्कन आणि झ्वार्ट यांनी या डोळ्यांच्या आजाराचं मूळ ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावात आहे, हे नीट मांडलं. हे जीवनसत्त्व कमी पडलं की डोळ्यांजवळच्या ग्रंथींचं आणि श्वासमार्गाचं अस्तर जाड, कोरडं होत जातं, नलिका तुंबतात, पापण्यांखाली पांढरट गोळा साठतो. पुढे न्यूमोनिया आणि कानाजवळ गळू.

आज आपल्या शहरांत पशुवैद्याकडे येणाऱ्या पिल्लांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. खिम्याच्या जागी सुकी कोळंबी आली, एवढंच. ही कोळंबी म्हणजे बऱ्याचदा गॅमॅरस नावाचा चिमुकला कवचधारी जीव असतो, सुकवलेला. पिल्लू ती आवडीने खातं, कारण वास तीव्र असतो आणि ती तरंगते. पण सुकवून महिनोन्‌महिने डबीत राहिलेल्या त्या कवचात ‘अ’ जीवनसत्त्व जेमतेम असतं. कोकणातली घरं आणखी एक युक्ती करतात, ‘जवळा आहेच घरात’ म्हणून तो घालतात. जवळाही सुकाच, शिवाय त्यात वाळू आणि समुद्राचं मीठ. चव म्हणून कधीतरी धुऊन दिला तर ठीक, रोजचं जेवण म्हणून नको.

डोळे सुजले की घरातले आधी माणसांचे डोळ्यांचे थेंब घालतात. त्याने आहारातली उणीव भरून निघत नाही. घाण पाण्यानेही डोळे सुजतात, त्यामुळे पाणी बदलणं आणि पशुवैद्याला दाखवणं दोन्ही हवं. इंजेक्शन मात्र जाणकारानेच द्यावं. ‘अ’ जीवनसत्त्व जास्त झालं तर कासवाची कातडी सोलून निघते, हेही तितकंच नोंदलेलं आहे. ताटातून मिळालेल्या गाजर-भोपळ्याने मात्र असं काही होत नाही. त्यातलं बीटा कॅरोटीन शरीर लागेल तसं वापरतं.

आता कॅल्शिअम. माझ्या मते संपूर्ण विषयात सर्वांत जास्त नुकसान इथल्या अज्ञानाने होतं. पिल्लाचं कवच सुरुवातीला थोडं लवचीक असतंच, पण महिन्यागणिक ते टणक व्हायला हवं. त्यासाठी आहारात कॅल्शिअम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं, असं पशुवैद्यक सांगतं. कोंबडीच्या बिनहाडाच्या मांसात याच्या नेमकं उलट, फॉस्फरस कॅल्शिअमच्या १५ ते २० पट असतो. म्हणजे ‘उकडलेलं चिकन देतो, अगदी मीठसुद्धा नाही घालत’ असं अभिमानाने सांगणारा मालक पिल्लाच्या हाडांतून कॅल्शिअम काढून घेत असतो. कवच मऊ पडतं, कडा वर वळतात, मागचे पाय ओढले जातात. कवचाला खोबरेल तेल चोळून यातलं काही सुधारत नाही. उलट त्यावर घाण बसते.

उपाय महागडे नाहीत. जो प्राणी आख्खा खाल्ला जातो त्यात हाडं-कवचासह कॅल्शिअम येतं. सालासकट कापलेली ताजी कोळंबी, काट्यासकट बारीक मासा, गांडूळ. पक्ष्यांच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन पाठीचा कडक पापुद्रा काढून पाण्यात तरंगत ठेवलं की पिल्लू हवं तेव्हा त्याला चावा घेतं. कॅल्शिअमची पूड पाण्यात टाकू नये, ती विखरून गाळात जाते. ओल्या कोळंबीच्या तुकड्यावर चिकटवून द्यावी. माणसांच्या कॅल्शिअमच्या गोळ्या मात्र टाळाव्यात. त्यांत ‘ड’ जीवनसत्त्व आपल्या वजनाच्या हिशेबाने घातलेलं असतं.

आणि ‘ड’ जीवनसत्त्वाशिवाय हे कॅल्शिअम आतड्यातून रक्तात पोचतच नाही. स्लायडर ते उन्हातल्या अतिनील-ब किरणांतून बनवतो, म्हणजे २९० ते ३२० नॅनोमीटरच्या पट्ट्यातून. खिडकीची काच हे किरण अडवते. फ्लॅटच्या खिडकीशी ठेवलेली पेटी उन्हाने न्हाऊन निघते, कासव डोळे मिटून पसरतं, आणि कामाचा एकही किरण आत येत नाही. इथे अभ्यासकांत थोडा मतभेद आहे. चांगल्या खाद्यात ‘ड-३’ असतं, तेवढं पुरेल असं काही म्हणतात. मला ते पटत नाही. खाद्यातलं कमी पडेल की जास्त होईल याचा अंदाज घरी येत नाही, उन्हाचं प्रमाण शरीर स्वतः सांभाळतं. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ऊन फुकट आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास, उथळ टबात, निम्म्यावर सावली धरून, आणि वर जाळी टाकून. जाळी विसरू नका, कावळा आणि घार दोघांनाही बाल्कनी माहीत असते. पावसाळ्यात अतिनील-ब दिवा लावावा. तो दिसायला चालू असला तरी त्यातले कामाचे किरण काही महिन्यांत ओसरतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा.

भाज्यांकडे येतो, कारण इथे परदेशी पुस्तकं आपल्या कामाची नाहीत. ती डँडेलियन आणि कोलार्डची पानं सुचवतात. आपल्या मंडईत आहे पालक, माठ, चुका, घोळ. दुर्दैवाने या चारही भाज्यांत ऑक्झलेट भरपूर. ते कॅल्शिअमला बांधून ठेवतं. माणसाला चालतं, आपण त्यात ताक-दाणे घालून तडजोड करतो. पिल्लाला हे रोज देणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेणं. कोबी, फ्लॉवर, मुळ्याचा पाला अधूनमधून ठीक, रोज नको, कारण त्यांतली द्रव्यं थायरॉइडच्या आड येतात. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे पाणीच. चालण्याजोगं काय? लांब पानांचं रोमेन लेट्यूस, मेथी आणि कोथिंबीर थोडी, शेवग्याचा कोवळा पाला कधीमधी, लाल भोपळा आणि गाजर किसून. फळ क्वचित आणि नखाएवढं.

याहून चांगला पर्याय आपल्या शेतकऱ्यांकडे आहे तो म्हणजे ॲझोला. जनावरांना आणि कोंबड्यांना खाद्य म्हणून महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ती हौदात वाढवली जाते. प्रथिनं भरपूर, पानं बारीक, पाण्यावर तरंगते, पिल्लं ती सहसा नाकारत नाहीत. बाल्कनीत एका टबात पसरते. खत टाकलेल्या भातखाचरातली मात्र आणू नये. जलपर्णीही कासवं खातात, पण मुळा-मुठा किंवा पंचगंगेतली उचलून आणण्याचा मोह आवरावा. ही वनस्पती सांडपाण्यातले जड धातू शोषून घेते, आणि तेच मग पिल्लाच्या पोटात जातात.

मग रोजचं मुख्य अन्न काय? यावर आज पशुवैद्यांचं बऱ्यापैकी एकमत आहे. कासवांसाठीच बनवलेले तरंगणारे पेलेट. पिल्लांच्या पेलेटमध्ये साधारण ३५ ते ४५ टक्के प्रथिनं, कॅल्शिअम आणि जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. ताज्या अन्नाचे आग्रही लोक याला नाक मुरडतात, पण घरी हा तोल रोज साधणं फार थोड्यांना जमतं. अडचण वेगळीच आहे. आपल्या बाजारातली स्वस्त पाकिटं वाचून पाहा. घटकांत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं असलं आणि ‘अ’ किंवा ‘ड-३’चा उल्लेखच नसला, तर ते रंगवलेलं पीठ आहे. माशांचं खाद्य कासवाला पुरेसं नाही, त्यात कॅल्शिअमचा हिशेब वेगळा. शिवाय पाकीट उघडल्यावर जीवनसत्त्वं हवा-उजेडाने कमी होत जातात आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी धरते. स्वस्त पडतं म्हणून किलोचं पाकीट आणू नये. महिना-दोन महिन्यांत संपेल एवढंच घ्यावं, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं.

जिवंत माशांबद्दल बरंच उत्साहाने बोललं जातं. पिल्लाने मासा पकडलेला पाहायला मजा येते, व्यायामही होतो. पण गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट करतं. गोठवल्याने ते जात नाही. स्वस्त म्हणून रोज गोल्डफिश घालणाऱ्यांची कासवं पुढे लुळी पडल्याची उदाहरणं आहेत. घरच्या टाकीत वाढवलेले गप्पी त्यापेक्षा बरे, तेही आठवड्यातून एखाद वेळ. गटारातून येणारे ट्युबिफेक्स किडे मी कुणालाही सुचवणार नाही. गांडूळ उत्तम, फक्त फवारणी झालेल्या शेतातलं नको. गांडूळखतातली लाल गांडुळं काही पिल्लं तोंडात घेऊन थुंकतात. त्या गांडुळांच्या अंगातून येणारा स्राव पिल्लांना आवडत नाही, पिल्लाचा दोष नाही.

किती द्यायचं, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. खरं तर तो आधी विचारायला हवा. काचेजवळ माणूस दिसला की स्लायडर पाय मारत वर येतो, मान ताणतो, तोंड उघडतो. ‘भूक लागलीय बिचाऱ्याला’ म्हणून पुन्हा दाणे पडतात. आजी एकदा टाकते, मुलं शाळेतून येऊन एकदा टाकतात, बाबा रात्री टाकतात. पंगतीतला आग्रह कासवाच्या पेटीपर्यंत पोचतो. भूक आणि माणूस दिसला की अन्न येतं ही शिकवण, यांत फरक आहे. निसर्गात अन्नाचा भरवसा नसतो म्हणून मिळेल तेव्हा गिळायचं, ही त्याची वृत्ती पेटीतही कायम राहते. अति प्रथिनांनी आणि अति खाण्याने पिल्लू वेड्यासारखं वाढतं, कवचाच्या खपल्या उंचावतात, यकृतात चरबी साठते. पाय आत ओढले की काखेत मांसाच्या वळ्या बाहेर दिसू लागल्या तर ते गुटगुटीत नव्हे, लठ्ठ आहे.

वापरायला सोपा अंदाज असा, की कासवाचं डोकं पोकळ असतं तर त्यात जेवढे पेलेट मावले असते तेवढे दिवसाला. वर्षाच्या आत रोज, एखादा दिवस उपास. वर्षानंतर दिवसाआड. हिरवं मात्र रोज आणि हवं तेवढं. घरात खायला घालायचं काम एकाच माणसाकडे द्यावं. अगदी नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिले काही दिवस काहीच खात नाही, कारण पोटात बलकाची पिशवी शिल्लक असते. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे धावणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्लंही याच शिदोरीवर निघतात. दुकानातून आणलेलं पिल्लू मात्र त्या टप्प्याच्या पुढे आलेलं असतं. ते आठवडाभर खात नसेल तर बलकाचं कारण देऊ नये.

बहुतेक वेळा कारण थंडी असतं. कासवाला अन्न पचवायला बाहेरची ऊब लागते. पाणी २५ ते २८ अंश, आणि बसायच्या कोरड्या दगडावर ३२च्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, नागपूरच्या रात्री दहा अंशांकडे सरकतात. पेटीतलं पाणी वीसच्या खाली जातं आणि पिल्लू खाणं सोडतं. मालक मग आवडीचं म्हणून कोळंबी तोंडाशी धरतो. एखादा घास गेला तरी तो पोटात सडतो. अशा वेळी आधी हीटर, मग जेवण. लहान पिल्लाला शीतनिद्रा घेऊ द्यावी, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

पाणी आणखी एका कारणाने महत्त्वाचं. पाणकासव पाण्याबाहेर घास गिळू शकत नाही, म्हणून खाणं पाण्यातच. पेटी घाण होऊ नये यासाठी वेगळ्या टबात जेवायला घालावं, असं जुने लोक सांगतात. नवे म्हणतात की रोज उचलल्याने पिल्लू भेदरतं आणि खात नाही. दोन्हीत तथ्य आहे. पेलेट पेटीतच घालावेत, कोळंबी-मासा वेगळ्या टबात. उरलेलं अर्ध्या तासात काढावं. तो टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, आणि हात साबणाने धुवायचे, लहान मुलांचे तर नक्की. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो. मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल, नाण्याएवढ्या प्राण्यासाठी हा व्याप कशाला. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर दुकानात जाण्याआधी द्यायचं आहे. दिवा, हीटर आणि वीस वर्षांचं जेवण परवडणार नसेल तर पिल्लू आणू नका. आणून झालं असेल आणि आता झेपत नसेल, तर ते तलावात, विहिरीत किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका. २०१८ मध्ये गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात असाच एक स्लायडर सापडला होता. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि आपल्या कासवांच्या तोंडचा घास तो खातो. वन विभागाला किंवा प्राणी बचाव संस्थेला फोन करा, आणि ते येईपर्यंत त्याला वेळेवर पेलेट द्या.